साडी घालत नाहीत, नेसतात

श्रीमती हिराबाई घरत, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हिराकाकू, यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "आज गुरुवार आहे, मासळी नको."

जुईनगरच्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आई आणि मी, दोघंच. बेल वाजली, दार उघडलं तर उरणकडच्या पद्धतीचं लुगडं नेसलेल्या, अंबाड्यात अबोली माळलेल्या एक बाई उभ्या. मी काही विचारच केला नाही. काकूंनी कमरेला खोचलेला टेस्टर काढला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, "मासली नाय, फ्यूज हाय. जिन्यातला दिवा कुनीतरी तुमच्या मीटरवरशी घेतलाय. बाजूला हो."

मी बाजूला झालो. पुढची सहा वर्षं मी कमीजास्त प्रमाणात बाजूलाच होत आलोय.

काकूंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात सगळेजण त्यांच्याविषयी आदरानं लिहितील. मीसुद्धा आदरानंच लिहितोय. पण समितीनं मला 'मनापासून लिही' असं सांगितलंय, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी काकूंवर जळतो. चांगलाच जळतो. का, ते पुढे येईलच.

आधी त्यांचं काम. तुर्भ्याच्या एका कारखान्यात काकूंनी बावीस वर्षं कंट्रोल पॅनलचं वायरिंग केलं. शाळा चौथीपर्यंत. ड्रॉइंग वाचायला त्या बघून बघून शिकल्या, आणि नंतर नवीन डिप्लोमावाल्या मुलांना साहेब त्यांच्याच हाताखाली उभं करायचे. त्यांचे यजमान, घरतकाका, उरणच्या लाँचवर तांडेल होते. आयुष्यभर लोकांना खाडीपार नेऊन सोडणारा हा माणूस रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांत स्वतःच्या घरात वाट चुकायला लागला. डॉक्टरांनी 'डिमेन्शिया' म्हटलं. हा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. लोक म्हणायचे, म्हातारचळ लागला.

काकांचा सगळ्यात मोठा घोळ कपड्यांचा होता. लुंगीवर पॅन्ट चढवायचे. शर्टावर शर्ट घालायचे आणि वर बनियन. एका सकाळी सोसायटीच्या गेटपाशी तीन शर्ट घालून उभे होते आणि खाली टॉवेल. पोरं हसली. नातेवाईक म्हणाले, सकाळी तुम्हीच घालून द्या कपडे, लहान पोराला घालतो तसे, विषय संपला.

काकूंनी विषय संपवला नाही. त्या आठवडाभर काकांच्या समोर बसून नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्याला शर्ट ठावं हाय. पॅन्ट पन ठावं हाय. पुडचं काय, ता ठावं नाय. पॅनलमंदी बी हाच हाय. पयला स्विच बसल्याबिगर दुसरा चालू व्हता कामा नये."

त्यातून ते कपाट झालं. एकाखाली एक असे पाच ड्रॉवर. एका वेळी एकच उघडतो. ज्याची पाळी त्याच्यावर दिवा लागतो. आतला कपडा उचलला की तळाचा स्विच वर येतो, तो दिवा विझतो आणि कपडा घालण्यापुरता वेळ गेला की पुढचा ड्रॉवर सुटतो. पहिल्यात चड्डी, मग बनियन, मग शर्ट, असं. सगळं सामान कारखान्याच्या भंगारातलं, मॅनेजरसाहेबांची परवानगी काढून आणलेलं. आणि प्रत्येक ड्रॉवरबरोबर एक घंटा वाजायची. लाँच सुटायच्या आधी वाजते तशी. काका दिव्याकडे बघायचे नाहीत, पण घंटा वाजली की ताठ व्हायचे. "चला चला, सुटली," असं पुटपुटत शर्ट घालायचे, आणि एकदा तर स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "हिरा, लाँच सुटंल, तू अजून नटतेस?"

मी तेव्हा समोरच होतो. काका एका बटणाशी झटत होते. मला राहवेना, म्हणून मी पुढे झालो, तर काकूंनी माझ्या हातावर फटका मारला. खरोखरचा फटका.

"हात नको लावू."

"अहो काकू, एक बटण तर आहे."

"लावून देनं सोप्पं हाय. लावू देनं कठीन हाय. बस तिथं."

ते बटण लागेपर्यंत माझा चहा थंड झाला. लागलं. काकांनी शर्ट खाली ओढला, केसावरून हात फिरवला आणि प्रवाशांकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं. "कोन राहिलाय?" काकूंचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका फटक्यात आहे असं मला वाटतं. समोरच्या माणसाला वेळ लागतो, तेवढा लागू द्यायचा. ही गोष्ट बोलायला कुणालाही जमते. हात मागे ठेवायला जमत नाही.

त्यानंतर काकूंनी आसपासच्या चार-पाच घरांत अशी कपाटं करून दिली. नेरूळच्या एका रिटायर्ड हेडमास्तरांना घंटेचं काही वाटेना, तेव्हा काकूंनी घंटा काढून टेपरेकॉर्डर बसवला आणि त्यात स्वतःची वाक्यं भरली. रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टेपची मोटर आठ सेकंद चालवणार, मग बंद, मग पुढचा ड्रॉवर रिकामा झाला की पुन्हा आठ सेकंद. "ज्याला जे ऐकू येतं, ता त्याला द्यायचं," त्या म्हणाल्या. मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलं, आणि ते मला सुचलं नाही याचा मला दिवसभर राग आला. तेव्हापासून सुरुवात झाली म्हणा.

मी लिहितो. कथा लिहितो, नवीन पद्धतीच्या. आम्ही मित्र मिळून एक छोटं मासिक काढायचो, ते मित्रच वाचायचे. माझ्या कथेनं आजवर कुणाला खुर्चीतून उठवलेलं नाही. उठले असतील तर निघून जाण्यासाठी. आणि इथे चौथी शिकलेल्या एका बाईंचं वाक्य ऐकून रिटायर्ड हेडमास्तर उठून उभे राहतात आणि पायमोजे घालतात. कसं वाटणार?

मग माझ्या आईचं सुरू झालं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील मार्केटमध्ये गोण्या उचलायचे. त्यांच्या माघारी आईनं मला एकटीनं कॉलेजपर्यंत नेलं. त्या आईला आंघोळ झाल्यावर पुढे काय करायचं ते सापडेना. परकरावर, अंगाभोवती टॉवेल धरून कॉटवर बसून राहायची. मांडीवर साडी. नऊ वाजायचे, दहा वाजायचे. मी दार ढकललं की ओरडायची, "भायेर हो! आईला असं बघतोस व्हय रं मुडद्या?" मी बाहेर. ती आत तशीच. घरात दुसरी बाई नाही. शेजारणी एखाद-दोन दिवस येऊन नेसवून जायच्या, पण रोज कोण येणार? मी एक गाऊन आणला. आईनं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कुठल्या उशीचा अभ्रा हा?"

मामांना कळलं. ते पत्र वगैरे लिहीत नाहीत, सरळ येतात. म्हणाले, "गावाकडं न्हेतो तिला. घरात सुना हाईत. तू बाप्या मानूस, तुला काय जमनार हाय? दिवाळीला येतो, बॅग भरून ठेव." त्यांचं चुकत नव्हतं. पण गावाकडे आईला कुणी चार सुनांमध्ये बसवून, दोन मिनिटांत साडी गुंडाळून कोपऱ्यात ठेवून देणार, हे मला दिसत होतं. मला आई माझ्याकडे हवी होती. आणि ती माझ्याकडे राहायची असेल तर तिला स्वतःची साडी स्वतः नेसता यायला हवी होती. दिवाळीला महिना होता.

मी काकूंकडे गेलो. काका जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. काकूंनी 'अरेरे' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, आईच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. तीन सकाळी तशा नुसत्या बसल्या. चौथ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाल्या, "निऱ्या तिचं डोकं घालत नाय रं, हात घालतात. हाताला पयलं टोक गावलं पायजे, मंग पुडचं आपसूक व्हतं." त्यांनी आईच्या सगळ्या साड्यांच्या आतल्या टोकाला लाल दोऱ्याची जाड शिलाई मारली आणि घडी अशी घातली की ड्रॉवर उघडला की ते टोकच वर यावं. काकांचं कपाट आमच्याकडे आलं. घंटेच्या जागी टेप.

"वाक्यं तू लिव," काकू म्हणाल्या. "लेखक ना तू? वायर माजी, शब्द तुजं. आठ सेकंदात बसलं पायजे."

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. मी दोन दिवस बसलो. तेव्हा माझी एक थिअरी होती, की गद्यात क्रियापदं कमीत कमी हवीत, शक्यतो एकच. त्यामुळे मी लिहिलं, 'ब्लाऊज घाल. साडी घाल. पदर घाल.' तीन वाक्यं, एक क्रियापद. मला ते फार सुंदर वाटलं. मीच वाचून टेप केलं.

पहिल्या सकाळी कपाटातून माझा आवाज आला, "आई, ब्लाऊज घाल." आतून किंकाळी. "भायेर हो! आत कुठं लपलास मेल्या?" आईनं कपाटावर चादर टाकली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

काकू म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. पोराच्या आवाजासमोर कोन कपडे बदलंल?" माझीच वाक्यं त्यांनी स्वतःच्या आवाजात भरली. दुसऱ्या दिवशी आईनं ब्लाऊज घातला. हुक लावले. आम्ही दोघं बाहेर दाराला कान लावून. खट्ट झालं, दुसरा ड्रॉवर सुटला, काकूंचा आवाज आला, "साडी घाल." मग आईची पावलं. मग बाथरूममध्ये नळाचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.

काकू आत गेल्या. आई ब्लाऊज-परकरावर कॉटवर शांत बसली होती.

"वयनी, साडी कुठं हाय?"

"घातली की."

"कुठं घातली?"

"बादलीत. भिजत घातली. तूच म्हनलीस न्हवं?"

काकू बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि हसत हसत खाली बसल्या. मला मात्र वाटलं, योगायोग असेल. मी दुसऱ्या दिवशीही तेच वाक्य ठेवायला लावलं. दुसरी साडी बादलीत. तिसऱ्या दिवशी तिसरी. गॅलरीत तीन साड्या वाळत होत्या आणि दिवाळी नऊ दिवसांवर आली होती.

"साडी घालतंय कोन रं?" काकू शेवटी म्हणाल्या. "पोरी पंजाबी ड्रेस घालतात. साडी नेसतात."

"काकू, अर्थ तोच आहे."

"तुला तोच हाय. तिला इचारलास?"

दोन वर्षं ज्या थिअरीवर मी मित्रांशी भांडत होतो ती एका बादलीत बुडाली होती. आणि ज्यांनी ती बुडवली त्या बाईंना थिअरी म्हणजे काय हे माहीतही नव्हतं. त्या नुसतं ऐकत होत्या. मी लिहीत होतो, त्या ऐकत होत्या, एवढाच फरक.

मग त्यांनी मला विचारलं, आईला लहानपणी साडी नेसायला शिकवलं कुणी? मी म्हणालो, तिच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आक्का वारून खूप वर्षं झाली. "कशी बोलायची?" मी सांगितलं. आक्का भरभर बोलायच्या, प्रत्येक वाक्यात 'की गं'. आता घरत आडनावाच्या उरणच्या बाईंच्या तोंडात 'गो' बसलेलं. 'गं' निघेना. 'नेस की गो', 'नेस की गो' असं चाललं होतं. एक अख्खी दुपार मी त्यांना सातारी शिकवली. साठीकडे झुकलेल्या काकू शाळेतल्या पोरीसारख्या माझ्यासमोर बसून घोकत होत्या, चुकलं की स्वतःच्या गालात मारून घेत होत्या. माझ्या आईसाठी त्यांनी केलेल्या सगळ्या उपकारांत मला ती दुपार सगळ्यात मोठी वाटते. दुसऱ्याच्या बोलीत शिरायला माणसाला स्वतःचा ताठा बाहेर काढून ठेवावा लागतो. मला अजून जमत नाही.

मामा ठरल्या दिवशी आले. रिकामी बॅग घेऊनच आले. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, अर्धा तास थांबा. आईची आंघोळ झाली होती, दार लावलेलं होतं. बाहेर मामा, काकू आणि मी.

खट्ट. टेप सुरू. मग थोड्या वेळानं पुन्हा खट्ट, आणि काकूंचा आवाज, पण काकूंचा नव्हेच. "नेस की गं आता. उशीर झाला."

मामांचा कप हातातच राहिला. "आत कोन हाय?"

काकूंनी ओठावर बोट ठेवलं.

आतून आईचा आवाज आला. "नेसते की गं आक्के. घाई कशापाय करतीस?" आणि मग ती हसली. तोंडावर पदर धरून हसावं तसं. मग कापडाची सळसळ. मग बोलत राहिली, कुठल्यातरी विहिरीबद्दल, कुणाच्यातरी लग्नाबद्दल. टेप कधीच थांबली होती. ती बोलतच होती.

दार उघडलं. आई बाहेर आली. निऱ्या सरळ, पदर डोक्यावर. साडी आतली बाजू बाहेर होती.

मामा म्हणाले, "उलटी नेसलीया."

काकू म्हणाल्या, "नेसलीया ना?"

आईनं भावाकडे बघितलं. "कवा आलास रं? बस, च्या टाकते."

मामांनी डोळे पुसले आणि चहा झालेला असूनही पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी ते बॅग रिकामीच घेऊन गेले.

इथे लेख संपवला असता तर बरं दिसलं असतं. पण मनापासून लिही म्हटलंय. त्या सकाळी आई माझ्याकडे राहणार हे ठरलं, आणि मला आनंद झाला नाही. झाला, पण नंतर. आधी मी दारापाशी उभा राहून विचार करत होतो की माझ्याशी ही अशी कधी हसली होती? कित्येक महिन्यांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. आणि एका प्लायवूडच्या कपाटाशी, एका परक्या बाईच्या आवाजाशी ती मन मोकळं करत होती. आवाज काकूंचा, शब्द काकूंचा, हसू आईचं. माझं त्यात काय? मी पंधरा दिवस काकूंशी बोललो नाही. जिन्यात दिसल्या की चप्पल शोधल्यासारखं करायचो.

काकू पंधरा दिवसांनी पान्हे घेऊन दारात आल्या. "माज्यावर रुसलास ता रुस. टेपचा बेल्ट सैल झालाय, ता बदलू दे."

बेल्ट बदलताना, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "जलतोस ना?"

मी जुना बेल्ट बोटाभोवती गुंडाळत राहिलो.

"माज्या म्हाताऱ्यानं मना शेवटचं वरीस वलखलं नाय. घंटा वलखली. मी हाक मारली तं बघायचा नाय. घंटा वाजली की हसायचा. चाळीस वर्सं संसार केला मी, आन् हसला कोनाला? घंटेला." त्यांनी टेपचं झाकण लावलं. "ती घंटा मीच बसवली व्हती. तरी जलले. लय जलले रं. मंग एक दिवस तिला पुसलं, तेल घातलं. काय करनार? त्याचा शर्ट तीच घालत व्हती."

काकूंविषयी बाकी सगळं विसरलो तरी हे विसरणार नाही. लोक त्यांना खंबीर म्हणतात, निःस्वार्थी म्हणतात. त्या निःस्वार्थी नाहीत. त्यांना सगळं वाटतं, तुमच्या-माझ्याइतकंच. वाटूनसुद्धा त्या तेल घालतात.

आई अजून माझ्याकडे आहे. बऱ्याच सकाळी साडी नेसते, कधी सुलट, कधी उलट. काही सकाळी आक्काशी भांडण होतं आणि ती नेसत नाही. मग आम्ही वाट बघतो.

यंदा, साठीच्या या गडबडीत, काकू मला म्हणाल्या, "माज्यासाटी एक कॅसेट भर."

"काकू, तुम्हाला काही...?"

"मना काय झालं नाय. पॅनल देताना आमी स्पेअर देतो ना, तसं. म्हाताऱ्याला झालं, तुज्या आईला झालं, मी काय लोखंडाची हाय? मना पोरगी नाय, सून नाय. आवाज तुजा चालंल. मी काय तुला 'भायेर हो' सांगायची नाय."

मी लिहून नेलं. आठ-आठ सेकंदांची वाक्यं. पहिलंच वाक्य होतं, 'काकू, लुगडं नेसा.' क्रियापद बरोबर होतं, मी तीनदा तपासलं होतं. काकूंनी ऐकलं आणि मान हलवली.

"काकू कोन? त्या टायमाला मना मी काकू हाय ता ठावं नसंल. आन् 'नेसा' नको. घरात पावना आला समजंन मी, च्या करायला जाईन. 'हिरा, नेस गो.' असं बोल."

मला बोलता येईना. त्यांच्या तोंडावर त्यांना नावानं, एकेरीत? दोन वेळा हसू आलं, एकदा आवाज फुटला, एकदा मी सवयीनं 'हिराकाकू' म्हणून गेलो. काकू समोर बसून, टेप पुन्हा पुन्हा मागे नेत राहिल्या. त्यांनी मला घाई केली नाही. कितव्यांदा तरी ते नीट निघालं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं, कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकल्या, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये, आणि ती लुगड्यांच्या घडीखाली ठेवली.

तर या अंकाच्या निमित्तानं मला आपल्या सगळ्यांच्या वतीनं एवढंच मागायचंय. काकूंनी शंभरी बघावी, आणि त्या शंभरीच्या सकाळीही अंबाड्यात अबोली माळून, कमरेला टेस्टर खोचून, कुणाचं एक अक्षर न ऐकता स्वतःचं लुगडं स्वतः नेसावं. या अख्ख्या लेखात मी त्यांना अहो-जाहो केलंय आणि पुढेही करत राहायचंय. जे एकदा एकेरीत बोललोय, ते त्या घडीखाली तसंच राहू दे. मी लिहिलेलं कुणाच्याही कानावर कधी पडू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.